अमोनियात आम्ल पडत जाते तसा सामू कसा काढायचा

शंकुपात्रात ०.१ मोलर (म्हणजे लिटरला ०.१ मोल) अमोनियाचे २५ मिली द्रावण आहे आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल थेंबाथेंबाने पडते आहे. कुठल्याही क्षणी सामू, म्हणजे पीएच, किती? हे गणित अवघड वाटते, कारण बहुतेक जण आधी सूत्र शोधतात. आधी शोधायचे ते वेगळेच: या क्षणी पात्रात काय काय शिल्लक आहे? ते कळले की सूत्र आपोआप ठरते.

अमोनिया मुद्दाम घेतला आहे. धान्यातले, दुधातले प्रथिन मोजण्याची पद्धत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. तिच्यात नमुन्यातला नायट्रोजन शेवटी अमोनियाच्या रूपात बाहेर काढून अनुमापनाने, म्हणजे ब्युरेटमधून असे द्रावण सोडून, मोजतात. सामूची मोजपट्टीही त्याच प्रयोगशाळेतली, सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडलेली.

पायरी १: मिलिमोल मोजा. मिली गुणिले मोलरता. अमोनिया २५ × ०.१ = २.५ मिलिमोल. आम्लही तितकेच लागणार, म्हणजे २५ मिली पडले की समतुल्य बिंदू, आम्ल आणि अमोनिया अगदी सारखे होण्याचा क्षण. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याकडे बघून घ्यायचा आहे.

पायरी २: आम्ल पडण्याआधी. पात्रात फक्त सौम्य आम्लारी आहे. २५ अंश सेल्सिअसला अमोनियाचा केबी, म्हणजे आम्लारी किती तीव्र हे सांगणारा स्थिरांक, १.८ × १०⁻⁵. त्याला ०.१ ने गुणून वर्गमूळ घ्या: हायड्रॉक्साइड ०.००१३४ मोलर. त्यावरून पीओएच (हायड्रॉक्साइडच्या मोलरतेचा ऋण लॉग) २.८७ आणि सामू १४ − २.८७ = ११.१३.

पायरी ३: समतुल्य बिंदूच्या अलीकडे. समजा १० मिली आम्ल पडले, म्हणजे १ मिलिमोल. तेवढ्या अमोनियाचे अमोनियम झाले. आता १.५ मिलिमोल अमोनिया आणि १ मिलिमोल अमोनियम असा बफर, म्हणजे सामू सहज बदलू न देणारे मिश्रण, तयार आहे. पीकेबी म्हणजे केबीचा ऋण लॉग.

पीओएच = पीकेबी + लॉग (अमोनियम ÷ अमोनिया) = ४.७४ + लॉग (१ ÷ १.५) = ४.५७

सामू १४ − ४.५७ = ९.४३. इथे एकूण घनफळ ३५ मिली झाले असले तरी ते मध्ये आणायची गरज नाही. दोन्ही पदार्थ एकाच पात्रात असल्याने ते वर-खाली कटते. सर्वाधिक चूक शेवटच्या वजाबाकीत होते: ४.५७ हेच उत्तर म्हणून लिहिले जाते. अजून निम्म्याहून जास्त अमोनिया शिल्लक असताना सामू आम्लाच्या बाजूला कसा असेल, एवढे स्वतःला विचारले तरी ही चूक सापडते.

१२.५ मिलीला दोन्ही पदार्थ सारखे होतात, लॉग शून्य होतो आणि सामू ९.२६ येतो. मात्र हे सूत्र पहिल्या थेंबांना आणि समतुल्य बिंदूच्या अगदी कडेला वापरू नका. एक पदार्थ नगण्य उरला की त्यामागचे गृहीतकच मोडते.

पायरी ४: नेमके २५ मिली. ‘उदासिनीकरण पूर्ण, म्हणून सामू ७’ हे तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यापुरतेच खरे. इथे अमोनिया संपला, पण २.५ मिलिमोल अमोनियम उरले आहे आणि ते स्वतःच सौम्य आम्ल आहे. या वेळी घनफळ हवेच: २.५ ÷ ५० = ०.०५ मोलर. अमोनियमचा केए, म्हणजे आम्लाचा तसाच स्थिरांक, १०⁻¹⁴ ÷ (१.८ × १०⁻⁵) = ५.५६ × १०⁻¹⁰. त्याला ०.०५ ने गुणून वर्गमूळ घेतले की हायड्रोजन आयन ५.२७ × १०⁻⁶ मोलर, सामू ५.२८. घनफळ दुप्पट झाल्याचे विसरलात तर उत्तर ५.१३ येते, ते पटण्याजोगे दिसते, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही.

पायरी ५: त्यापुढे. आता फक्त जादा आम्ल मोजा. ३० मिलीला जादा ०.५ मिलिमोल, एकूण घनफळ ५५ मिली, म्हणून ०.००९१ मोलर आणि सामू २.०४. अमोनियमचा वाटा इतका किरकोळ की तो सोडून द्यायचा.

या आकड्यांचा खरा उपयोग दर्शक, म्हणजे सामूनुसार रंग बदलणारा पदार्थ, निवडताना होतो. २४.९ मिलीला सामू ६.८६ असतो, तर २५.१ मिलीला ३.७०. दर्शकाचा रंग या उतारातच बदलायला हवा. मिथिल रेड ४.४ ते ६.२ दरम्यान बदलतो, म्हणून तो इथे नेमका बसतो. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग मात्र सामू १० च्या खाली आला की, म्हणजे साधारण ४ मिलीपासूनच, फिका पडू लागतो आणि ८.३ च्या सुमारास, जवळपास २२.५ मिलीला, मावळतो. तिथे ब्युरेट थांबवली तर दहावा हिस्सा अमोनिया मोजणीतून सुटलेला असतो.