जुने दिवाळी अंक जमवताय? या चुका टाळा

दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर या चित्रकारांचं मुखपृष्ठ दिसलं की हात आधी खिशात जातो, अंक चाळायचं नंतर सुचतं. घरी येऊन बघावं तर मधला एक फर्माच (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच) गायब! म्हणून पैसे देण्याआधी पृष्ठांक सलग आहेत का बघा, अनुक्रमणिकेतला शेवटचा पृष्ठांक आणि अंकाचं शेवटचं पान पडताळा. मुखपृष्ठ कोणाचं, हेही बहुतेकदा अनुक्रमणिकेच्या पानावरच छापलेलं असतं. विक्रेत्याच्या ‘दलालच आहेत हो’ वर जाऊ नका. १९५१ पासून निघणारा ‘आवाज’ घेताना त्यातल्या खिडक्या (वरच्या पानात कापलेली झडप, उघडली की खालचं चित्र दिसतं) एकेक करून उघडा. कागद कापलेला असतो तिथूनच फाटतो, आणि वरचं पान गेलं की खालच्या चित्रातला चावटपणा संपलाच.

ग्रंथालयांचे बांधीव खंड स्वस्तात मिळतात, पण बाइंडिंग करताना कव्हरं काढून टाकलेली असू शकतात. आतली पानं शाबूत आणि मुखपृष्ठ एकही नाही, असा सौदा व्हायचा.

फ्रेम केलेली सुटी मुखपृष्ठं मी तरी घेत नाही. त्या मागणीपायीच धडधाकट अंक फाडले जातात. शिवाय ते मुखपृष्ठच आहे कशावरून? मुळगावकरांची कॅलेंडरं घरोघरी होती. त्यातलं चित्र कापलं की काचेमागे फरक कळत नाही. फ्रेम उघडायला लावा. कव्हरच्या आतल्या बाजूला सहसा जाहिरात किंवा काही मजकूर असतो. पाठ कोरी असेल तर संशय घ्या. भिंगही जवळ ठेवा. जुन्या रंगीत छपाईत ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, इंकजेटच्या प्रतीत नुसते शिंतोडे.

आता घरातल्या चुका. सेलोटेप नकोच: काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि पिवळा डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते परत काढता येत नाही. गंजलेली पिन ओढू नका. आतल्या बाजूने तिचे पाय सरळ करा, अलगद काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा.

अंक भिजला तर इस्त्री नको, ऊनही नको. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं वाळताना एकमेकांना घट्ट चिकटतात, मग सोडवायला गेलं की चित्राचा पापुद्राच निघतो. ओलं असतानाच पानं हलक्या हाताने सुटी करा, मध्ये कोरा टिपकागद घाला, तो बदलत राहा आणि पंख्याखाली वाळू द्या. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते.

पावसाळ्यात अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधले की आतल्या दमटपणाने बुरशी धरते. भिंतीला न टेकलेलं कपाट बरं. अंक आडवे ठेवा, पण ढीग उंच नको. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पानांत नाही.