रीजन्सी काळावरच्या चित्रपटांचे पोशाख म्युझियममध्ये कसे बघावेत

काटेकोर हिशेबाने रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्याने त्याचा मुलगा कारभार बघत होता ती वर्षं. कपड्यांपुरती मात्र ही शैली १७९५ च्या आसपासच सुरू होते: छातीखाली आलेली कंबर, पातळ पांढरी मलमल, पुरुषांचे अंगाला चपखल बसणारे लोकरी कोट.

चित्रपटांतल्या अशा पोशाखांची इंग्लंडमधली प्रदर्शनं बहुतेक तात्पुरती असतात. लंडनच्या कॉस्प्रॉपसारख्या कंपन्या चित्रपटांना पोशाख भाड्याने देतात. त्यांच्याकडून आलेले कपडे प्रदर्शन संपलं की परत जातात. त्यामुळे तिकिटाआधी म्युझियमच्या वेबसाइटवर तारखा तपासा. जुन्या याद्यांवर विसंबू नका. बाथ शहरातलं फॅशन म्युझियम अजून कित्येक ठिकाणी असेंब्ली रूम्स या इमारतीत दाखवलेलं असतं, पण तिथून ते २०२२ मध्येच हललं.

जाण्याआधी अर्धा तास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात घालवा. १८०० ते १८२० मधले खरे गाऊन शोधा आणि शिवणी नीट बघून ठेवा. एवढं केलं नाही, तर प्रदर्शनात सगळंच नुसतं छान दिसतं.

दालनात शिरल्यावर अंधार वाटेल. कापडासाठी उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठतच जातं. पाच-दहा मिनिटं डोळे सरावू द्या, बारीक नक्षी त्यानंतर बघा. फ्लॅश चालत नाहीच, फोकससाठी लागणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवाही बंद करून ठेवा. टिपणांसाठी पेन नको, पेन्सिल न्या.

आता गाऊन. समोरून सगळे बघतात, तुम्ही आधी पाठ बघा. अस्सल गाऊनची पाठ खूप अरुंद असते, मधला भाग वितीपेक्षाही कमी. खांद्याची शिवण मागे उतरलेली असते आणि मुंढेही मागे सरकलेले, त्यामुळे खांदे आपोआप मागे खेचले जातात. चित्रपटात नटीला दिवसभर हात उचलायचे असतात, म्हणून हे मुंढे बऱ्याचदा पुढे आणून सैल केलेले दिसतात. त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही, ती कामाची सोय आहे.

मग गाऊन बांधायचे बंद बघा. त्या काळी नाड्या, टाचण्या, हूक आणि छोटी बटणं असत. पुष्कळ गाऊनचा पुढचा भाग पडद्यासारखा खाली सोडून आतून बांधायचा असे. टिचबटण किंवा चेन दिसली, तर ती घाईच्या शूटिंगसाठी. शिलाई मशीन १८५० च्या सुमारास रुळलं, त्यामुळे सरळ, एकसारखे टाके आधुनिक. चांगल्या कारागिरांनी आतल्या लांब शिवणी मशीनवर मारलेल्या असतात, पण बाहेरून दिसणाऱ्या कडा हाताने दुमडलेल्या असतात. वाकून घेराची कड बघितली, की हा फरक लगेच कळतो.

पडद्यावर पांढरंशुभ्र दिसलेलं कापड जवळून पाहिलं तर अनेकदा फिकट चहाच्या छटेचं निघतं. शुभ्र पांढरा रंग कॅमेऱ्यात भगभगतो, म्हणून कापड आधीच रंगात बुडवून काढतात. मूळच्या उत्तम मलमलीचा बराच माल बंगालमधून, ढाक्याहून जाई. शाली काश्मीरच्या, पुढे स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात त्यांची नक्कल विणली जाऊ लागली. शालीची उलटी बाजू दिसली तर तिथेच थांबा. अस्सल काश्मिरी कानी विणीत प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेतच फिरतो. नकलेत धागे मागून आडवे धावतात किंवा कातरलेले असतात.

पुरुषांच्या कोटाकडे लोक फार थांबत नाहीत, हे मला नेहमी विचित्र वाटतं. त्या काळची लोकर इतकी घट्ट घोटलेली असे की कापलेली कड उसवत नसे, म्हणून अस्सल कोटांच्या कडा कित्येकदा न दुमडताच सोडलेल्या असतात. आजचं कापड तसं नसेल तर शिंप्याला कड दुमडावी लागते आणि ती जाड दिसते. सदरा चौकोनी तुकड्यांचा, काखेत वेगळा चौकोन बसवलेला आणि डोक्यातून घालायचा. छातीवरची चीर अर्ध्यावर थांबते. वरपासून खालपर्यंत बटणं असलेला सदरा दिसला, तर तो सोयीसाठी बदललेला आहे.

चिखलाने माखलेला घेर दिसला तर बारकाईने बघा: तो डाग बहुधा रंगाचा असतो, कारण खरा चिखल वाळून झडतो आणि पुढच्या शॉटला जुळत नाही. अशा प्रसंगांसाठी एकाच पोशाखाच्या अनेक प्रती शिवतात. समोरची प्रत नेमकी कोणती, स्वच्छ की भिजण्याच्या प्रसंगाची, हे पाटीवर लिहिलं नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा.

फोटोची परवानगी असेल तर लेन्स काचेजवळ न्या, पण काचेला टेकवू नका. गडद कपडे घालून गेलात तर काचेत तुमचंच प्रतिबिंब कमी पडेल. पाठीवरची सॅक आधीच जमा करा; मागे सरकताना पहिला धक्का तिचाच बसतो.