फ्लॅपच्या फटीत अडकलेलं सिम्युलेशन: या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. कॉलेजच्या रेसिंग गाडीच्या मागच्या पंखाभोवती हवा कशी वाहते, याचं संगणकावरचं सिम्युलेशन त्याच्याकडे होतं. "सर, फ्लॅप लावल्यावर डाउनफोर्स वाढायला पाहिजे की ओ. इथं घटलाय." (फ्लॅप म्हणजे मुख्य पंखामागचा छोटा पंख, डाउनफोर्स म्हणजे गाडीला खाली दाबणारं बल.) तीन दिवस तो टर्ब्युलन्स मॉडेल, म्हणजे हवेतल्या खळबळीचं गणित, बदलत बसला होता. मी म्हटलं, "आधी फटीवर झूम कर."

मुख्य पंख आणि फ्लॅप यांच्यामध्ये साडेचार मिलिमीटरची फट होती, आणि तिच्या रुंदीत मेशचे, म्हणजे हिशोबासाठी हवेवर पाडलेल्या जाळीचे, जेमतेम दोन सेल (कप्पे). एके ठिकाणी तर तेही नव्हते. दोन्ही तुकडे चिकटलेले. हवेला जायला वाटच नव्हती. पोराच्या घरी चादरीचे माग आहेत, म्हणून एवढंच सांगितलं की इंचात धागे कमी असतील तर बारीक नक्षी उठेल का? लगेच कळलं त्याला.

ही फट साधारणपणे कॉर्डच्या (पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या) १ ते २ टक्के असते, म्हणजे ३०० मिमी कॉर्डला ३ ते ६ मिमी. तिच्या रुंदीत मी किमान १५-२० सेल ठेवतो, भिंतीलगतचे, म्हणजे पंखाच्या पृष्ठभागालगतचे, पातळ लेयर सोडून. दोन्ही भिंतींवरून वाढणारे लेयर फटीत एकमेकांवर आदळतात, तेव्हा मेशर (मेश बनवणारा प्रोग्राम) बऱ्याचदा गुपचूप ते काढून टाकतो. ओपनफोम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर लेयर किती टक्के बसले ते लॉगमध्ये छापून येतं. ती ओळ वाचल्याशिवाय सॉल्व्हर (प्रवाहाचं गणित सोडवणारा प्रोग्राम) सुरू करू नका.

दुसरी चूक समजुतीतली आहे, आणि मला ती जास्त घातक वाटते. फट म्हणजे नोझल, तिच्यातून जोरात झोत सुटतो आणि तो फ्लॅपवरची हवा चिकटवून ठेवतो, असं बरेच जण धरून चालतात आणि फट अरुंद करत सुटतात. वायुगतिकीचे अभ्यासक ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७५ साली हा गैरसमज सविस्तर खोडून काढला. मुख्य पंखाभोवतीच्या प्रवाहामुळे फ्लॅपच्या नाकावरचं सक्शनचं (कमी दाबाच्या ओढीचं) टोक खाली बसतं, त्यामुळे फ्लॅपवरची हवा पृष्ठभागापासून सुटायला उशीर होतो. उलट बाजूने, फ्लॅपमुळे मुख्य पंखाच्या शेपटाशी वेग वाढतो आणि तिथली सीमास्तराची (पृष्ठभागाला लागून असलेल्या संथ थराची) हवा जास्त वेगाने निघून जाते. शिवाय प्रत्येक तुकड्यावर सीमास्तर नव्याने, पातळ सुरू होतो. फट फार अरुंद केली की मुख्य पंखाची वेक (त्याच्या मागे सुटणारा संथ, विस्कटलेला प्रवाह) फ्लॅपच्या सीमास्तरात मिसळते आणि सगळा फायदा जातो. म्हणून मेश बारीक करताना वेकची वाट विसरू नका. ती फ्लॅपच्या अंगावरूनच जाते.

एक्सफॉइल या पंखाच्या छेदाचं गणित करणाऱ्या प्रोग्राममध्ये फ्लॅपवाला पंख घालून अडकलेलेही भेटतात. मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये एमआयटीत लिहिलेला तो प्रोग्राम उत्तम आहे, पण एकाच तुकड्यासाठी. बिजागरीचा साधा फ्लॅप त्यात चालतो, फट चालत नाही. जावाफॉइल हा तसाच दुसरा प्रोग्राम एकापेक्षा जास्त तुकडे घेतो. तिथे फटीपाशी पॅनेलची (पंखाची कड ज्या छोट्या सरळ तुकड्यांत विभागतात त्यांची) लांबी फटीहून कमी ठेवा. आणि फ्लॅप फिरवताना फिरवण्याचा बिंदू तपासा. मूळबिंदूभोवती २५ अंश फिरवला की फ्लॅप भलतीकडेच जाऊन बसतो.

हवेचे आकडेही बघा. सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेली हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर असते, ती समुद्रसपाटीची, १५ अंशांची. सोलापूर सुमारे ४५० मीटर उंचीवर. मे महिन्यात ४२ अंशांना इथली घनता १.०६ च्या आसपास येते. त्याच वेगाला डाउनफोर्स १३ टक्क्यांनी कमी! ताशी ६० किमी आणि ३०० मिमी कॉर्डला रेनॉल्ड्स संख्या (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांची सांगड घालणारा आकडा) सुमारे २.८ लाख भरते, म्हणजे लॅमिनार (शांत, थराथराने वाहणारा) भाग मोठा असू शकतो आणि तो खळबळीत कुठे बदलतो हे सांगणाऱ्या ट्रान्झिशन मॉडेलचा विचार करावाच लागतो. वाय-प्लस (मेशचा पहिला थर भिंतीपासून किती जवळ आहे याचं माप) १ साठी सपाट पाटीच्या सूत्राने पहिला थर ०.०२ मिमी येतो. सक्शनच्या टोकाशी वेग दुपटीच्या पुढे जातो, म्हणून मी ०.०१ घेतो.

डाउनफोर्सचा गुणांक (बलाला वेग, घनता आणि कॉर्ड यांच्या हिशोबाने भागून येणारा आकडा) सांगताना कॉर्ड कुठली ते लिहा: एकट्या मुख्य पंखाची की दोन्हींची मिळून. दोन टीमचे आकडे न जुळण्याचं कारण पुष्कळदा इतकंच निघतं.

रेसिड्युअल (गणितात उरलेली चूक) खाली गेले म्हणून थांबू नका, प्रत्येक तुकड्यावरच्या बलाचा वेगळा आलेख काढा. बेरीज स्थिर दिसते आणि फ्लॅप मात्र हेलकावे खात असतो.

पोराने फटीचा मेश नव्याने केला आणि रात्रभर केस चालवली. सकाळी फोन आला: डाउनफोर्स वाढलाय, पण फ्लॅपच्या मागच्या अर्ध्यात प्रवाह सुटतोय. आता हे पंखाचं खरं दुखणं होतं. फ्लॅप पाच अंशांनी उतरवायला सांगितला.