अंध विद्यार्थ्यांसाठी वाचायचंय? निवृत्तांनी आधी हे बघा

निवृत्त माणूस अंध विद्यार्थ्यांच्या मदतीला निघाला की पहिला मोह होतो परीक्षेत लेखनिक व्हायचा, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून द्यायचा. तो आधी बाजूला ठेवा. उमेदवार स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी हवं, अशी अट बहुतेक परीक्षांना असते. दहावीच्या मुलीला नववीतला लेखनिक चालतो. बँकेतून निवृत्त झालेले एम.कॉम. काका चालत नाहीत. विषय वेगळा आहे, कॉलेज सोडून चाळीस वर्षं झाली, हे केंद्रावर कुणी ऐकत नाही. तुम्ही घरी परत येता, पेपर मात्र तिचा बुडतो. नियम परीक्षेगणिक वेगळे आणि बदलतेही असतात, म्हणून त्या परीक्षेचं ताजं परिपत्रक मागवा आणि लेखनिकाची अट स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. 'सर म्हणाले चालेल' म्हणजे परवानगी नव्हे. परवानगी लेखी हवी, आणि परीक्षेच्या आधी हवी. अटीत बसलात तरी तासाला 20 मिनिटं जादा धरा: तीन तासांचा पेपर चार तास चालतो. साखर, सांधे, लघवी यांचा विचार करून जमणार नसेल तर आधीच नाही म्हणा. ऐनवेळच्या नकारापेक्षा ते बरं.

एवढ्याने खचू नका. तुमची खरी गरज वाचनात आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तक स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) बरंच निभावून नेतो. अडतं ते फिकट झेरॉक्सवर, हातच्या मराठी नोट्सवर, जुन्या छपाईवर. मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याला ज्ञानेश्वरी लागते. ओवी कुठे तोडायची हे यंत्राला कळत नाही, लहानपणापासून पारायणं ऐकलेल्या आजींना कळतं. मुंबईत वरळीची नॅब (अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था) किंवा झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र इथे चौकशी करा. समोर बसून वाचायचं असेल तर दुपारची वेळ मागा. सकाळ-संध्याकाळच्या लोकलच्या गर्दीत शिरून सेवा करायची गरज नाही.

घरी रेकॉर्डिंग करणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला. समोर धरला तर प, फ, भ फटफटतात. वीसेक मिनिटांची एक फाइल करा. नावात विषय, प्रकरण, पानं. पान उलटलं की पानाचा आकडा बोला, नाहीतर विद्यार्थ्याला संदर्भ देता येत नाही. नाटकी वाचू नका, मुलं दुप्पट वेगाने ऐकतात. तक्ता आला की आधी शीर्षक, मग किती रकाने आणि कोणते, मग प्रत्येक ओळीत रकान्याचं नाव घेऊन आकडा. नुसते आकडे ओळीने वाचलेला ताळेबंद निव्वळ कचरा असतो. स्वतःचं स्पष्टीकरण घुसवू नका. निवृत्त शिक्षकांनी तर मुळीच नाही.

आधी दोन मिनिटांचा नमुना पाठवा आणि त्या विद्यार्थ्याचंच ऐका, संस्थेतल्या जुन्या जाणत्यांचं नंतर. अपंगांसाठी अशी प्रत करायला कॉपीराइट कायद्यात 2012च्या दुरुस्तीपासून मुभा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती फिरवायला नाही.