बरड जमिनीवर पहिलं बी रुजवताना

उमरेड-कामठीकडच्या कोळसा खाणींचे ढिगारे असोत की मुरूम उकरून उघडा पडलेला बरड, तिथं थेट साग लावू नका. आधी तरोटा, उन्हाळी ही रानरोपं आणि कुसळ हे गवत. सोबत बाभूळ, हिवर, खैर.

यातलं बरंचसं बी कठीण कवचाचं. पाणीच आत शिरत नाही, म्हणून नुसतं भिजवून भागत नाही. बाभळीचं 100 ग्रॅम बी घ्या. आधी साध्या पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाका, ते बहुधा भुंगेऱ्यानं पोखरलेलं असतं. एक लिटर पाणी उकळा, भांडं खाली उतरवा, दोन-तीन मिनिटांनी बी टाका आणि रात्रभर तसंच निवू द्या. चुलीवर बी उकळलंत तर अंकुर शिजतो. सकाळी जे टम्म फुगलं त्यात पाणी शिरलं, ते पेरायला तयार. जे तसंच टणक राहिलं त्याला पुन्हा गरम पाणी दाखवा. बकऱ्यांच्या कोठ्यात लेंड्यांसोबत सापडणारं बाभळीचं बी मिळालं तर उत्तम, निम्मं काम बकरीनं केलेलं असतं. खैराला मात्र ही शिक्षा नको. त्याचं कवच पातळ, साध्या पाण्यात रात्रभर पुरे.

तरोट्याचं बी पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांत चमक जाईपर्यंत घासा. आतला पांढरा गर दिसला, म्हणजे जास्त झालं.

कुसळाचं गणित उलटं. ताजं बी झोपेतच असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात गोळा केलेलं कोरड्या पोत्यात ठेवून जूनमध्ये वापरा. दाण्याची लांब शेपटी कापू नका. ओल लागली की ती पिळते, उलगडते आणि दाण्याला भेगेत ढकलते. बी वरच पसरा, काटेरी फांदी ओढा, बस्स. बाभळीला एक सेंटिमीटर खोली पुरते. उतारावर समतल चराच्या (उताराला आडव्या, एका पातळीत खणलेल्या चराच्या) मातीवर पेरा, नाहीतर पहिल्याच सरीला सगळं बी पायथ्याशी.

आता खरी मेख. नागपुरात मृगाच्या सरी येतात आणि कधी पुढे दहा-पंधरा दिवस उघडीप पडते. प्रक्रिया केलेलं बी एकदम उगवतं आणि एकदमच करपतं. म्हणून तीन भाग प्रक्रियेचं, एक भाग कच्चं बी मिसळा. कच्चं मागाहून, काही तर पुढच्या वर्षी उगवेल. फुगलेलं बी साठवू नका, बुरशी धरते. म्हणून जमीन वीतभर भिजल्याशिवाय पाणी चुलीवर ठेवूच नका.