एपिसोड संपला, डोळे पुसले, आता लिहायचं काय? काळाच्या उड्या मारणाऱ्या लव्हस्टोरीवर रिअ‍ॅक्शन लिहायची माझी पद्धत

(आधीच सांगते, खाली आउटलँडर या इंग्रजी सिरीजच्या तिसऱ्या सीझनच्या सहाव्या एपिसोडपर्यंतचं आणि लव्हली रनर या कोरियन सिरीजच्या पहिल्या दोन एपिसोडचं सगळं उघड बोललंय. बघायचं बाकी असेल तर आधी बघून या, मग वाचा.)

एपिसोड संपतो, नावं वर सरकायला लागतात आणि हात आपोआप मोबाइलकडे. टाइप काय होतं तर "मेले मी", "रडवलं यार" आणि रडक्या इमोजींची रांग. वाईट काही नाही त्यात, मी पण वर्षानुवर्षं हेच केलंय. फक्त चार दिवसांनी तेच परत वाचलं की आपल्यालाच कळत नाही आपण नक्की कशावर मेलो होतो, आणि ज्याने तोच एपिसोड बघितलाय त्याला त्यातून नवीन काही मिळत नाही. म्हणून हळूहळू माझी एक पद्धत बसत गेली, ती इथे टाकतेय. साध्या लव्हस्टोरीला ती चालेलच असं नाही, ही खास एक माणूस या शतकात आणि दुसरा त्या शतकात असल्या जोडप्यांसाठी आहे.

सगळ्यात आधी, दुसऱ्या कोणाचंही वाचायच्या आत स्वतःचं खरडून ठेवा. कोणीतरी "हिरो आज थंडच वाटला" असं लिहिलेलं एकदा डोळ्यांखालून गेलं ना की आपल्यालाही तो थंडच वाटायला लागतो, मग परत बघितलं तरी तेच दिसतं. दहा मिनिटं पुरतात, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. कुठल्या मिनिटाला घशात आवंढा आला, कुठे बोअर होऊन फोन चाळावासा वाटला आणि कुठे "थांब थांब, हे कसं शक्य आहे?" झालं, एवढंच लिहायचं. पण मिनिट लिहायचंच. "तो दाराशी उभा असतो तो सीन" असं लिहून काही उपयोग नाही, या सिरीयलींमध्ये दर एपिसोडला कोणी ना कोणी दाराशी उभंच असतं.

आता मुख्य गोष्ट. मला हे कळायला फार वेळ लागला. टाइम ट्रॅव्हलच्या लव्हस्टोरीत आपण रडतो ते बहुतेक वेळा किसवर नाही आणि विरहावर पण नाही, आपण रडतो कारण त्या दोघांपैकी एकाला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसतं, आणि आपल्याला दोन्ही माहीत असतं. म्हणून एपिसोड बघताना मी कागदावर मधोमध उभी रेघ मारते, एका बाजूला तिचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचं, आणि ज्या सीनने काहीतरी झालं त्या सीनला कोणाला काय माहीत होतं ते दोन्हीकडे लिहिते. बस. अर्धी रिअ‍ॅक्शन तिथेच तयार होते.

उदाहरण घेऊ, नाहीतर हे सगळं हवेतलं वाटेल. आउटलँडर, तिसरा सीझन, पाचवा आणि सहावा एपिसोड, छापखान्यातली भेट. क्लेअर विसाव्या शतकातली, जेमी अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमधला तिचा नवरा; ती जादूच्या उभ्या दगडांतून त्याच्या काळात गेली होती आणि नंतर त्यानेच तिला परत पाठवलं. क्लेअर 1968 मध्ये बॉस्टनला, तिच्या हातात 1765 मधल्या एका लेखाचा कागद येतो, छापणारा एडिंबरामधला कोणी अलेक्झांडर माल्कम. नाव तर वेगळंच. पण त्यात स्वातंत्र्य आणि व्हिस्कीची एक ओळ आहे, ती रॉबर्ट बर्न्सची. आता बर्न्स जन्मला 1759 मध्ये, म्हणजे 1765 मध्ये तो सहा वर्षांचा पोरगा, आणि ती कविता आली 1786 मध्ये. मग ही ओळ त्या छापखानेवाल्याला कळली कुठून? ज्याला ती क्लेअरने सांगितली होती त्यालाच ती माहीत असणार. म्हणजे जेमी जिवंत आहे. वीस वर्षं मेलाय म्हणून धरलेला माणूस, आणि पुरावा काय, तर चुकीच्या वर्षी छापलेली कवितेची एक ओळ! मी तिथे एपिसोड थांबवून घरभर एक फेरी मारली होती.

आता कागदावरची रेघ बघा. क्लेअरच्या बाजूला: तो जिवंत आहे, छापखाना चालवतो, नाव बदललंय. तिने ठरवायला वेळ घेतलाय, मुलीशी बोललीय, रेनकोटच्या कापडापासून प्रवासाचे कपडे शिवलेत, मनात ती भेट शंभर वेळा घडवून झालीय. जेमीच्या बाजूला: काही नाही. शून्य. त्याने तिला गरोदर असताना परत पाठवलं, मूल जन्मलं की नाही, मुलगा की मुलगी, ती पोचली तरी का, काहीच माहीत नाही. ती दार उघडून आत येते, त्याला वाटतं आपला मदतनीस आलाय, तो मागे न बघताच बोलत राहतो. मग तिचा आवाज. तो वळतो, बघतो आणि धाडकन खाली. बेशुद्ध.

हे बघून "हाहा, एवढा मोठा योद्धा आणि चक्कर येऊन पडला" एवढंच लिहिलं तर ते खोटं नाही, मी पण हसले होते. पण कागद समोर असला की लिहिता येतं की तिला तयारीला वेळ मिळाला आणि त्याला एक सेकंद पण नाही, वीस वर्षांचं दुःख त्याच्या अंगावर एकदम उलटं फिरलं म्हणून तो पडला. वाचणारा "अरे हो" म्हणतो ते इथे.

आणि सहाव्या एपिसोडने नेमकं हेच केलंय. तो पुढून सुरूच होत नाही, आधी जेमीची त्या दिवसाची सकाळ दाखवतो, कपडे, रस्ता, छापखाना, नेहमीचं काम, आणि मग तोच क्षण परत, त्याच्या बाजूने. तेव्हा खूप जण वैतागले की बघितलेलं परत कशाला दाखवता. मला तो अख्ख्या सीझनमधला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो, कारण आधी आपण तिच्याबरोबर दाराबाहेर धडधडत होतो आणि आता एका माणसाची साधी सकाळ बघताना धडधडतो, ज्याला काहीही माहीत नाही. नंतर ती त्याला मुलीचे फोटो दाखवते. फोटो ही वस्तूच त्याने आयुष्यात पाहिलेली नाही, आणि पहिल्यांदा बघतो ते स्वतःच्या मुलीचा चेहरा. इथे माझ्या कागदावर फक्त "फोटो!!!" एवढंच लिहिलेलं सापडलं, त्यापुढे पेन चाललं नसावं.

एक बारीक गोष्ट. ज्याला जास्त माहीत असतं तो नेहमी भविष्यातून आलेलाच असतो असं धरून चालू नका. कोरियन सिरीज लव्हली रनर घ्या, 2024 ची, टीव्हीएनवरची. त्यात सोल आपल्या आवडत्या स्टारचा, सनजेचा जीव वाचवायला 2008 मध्ये जाऊन पडते, पुढे काय होणार ते सगळं तिला माहीत, त्यामुळे आपल्याला वाटतं हिचाच कागद भरलेला आणि तो बिचारा गोंधळलेला. आणि दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी पाऊस, छत्री, आणि कळतं की त्याचा जीव तिच्यावर आधीपासून होता, तिला पत्ताच नव्हता. पुढे काय होणार ते माहीत असलेली हुशार बाई असो नाहीतर फॅन पोरगी, समोरच्याच्या मनातलं कोणालाच माहीत नसतं. रेघ अचानक उलटी झाली की समजायचं, एपिसोडचा खरा सीन हाच, लिहायचं तर यावरच.

आता लॉजिकवाल्या तक्रारी. "हे कसं शक्य आहे" ही तक्रार लिहायच्या आधी त्या सिरीजचा काळाचा नियम काय आहे ते एकदा तपासा, कारण प्रत्येक सिरीजचा वेगळा असतो आणि यात मी स्वतः जोरात आपटलेय. "एवढं प्रेम होतं तर वीस वर्षं फुकट कशाला घालवली, दगडातून जाऊन ती सरळ 1746 मध्येच का नाही उतरली, कलोडनच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी?" असा चांगला लांबलचक पॅरा रागारागाने लिहून पाठवून दिला होता. एका मैत्रिणीने उत्तरात फक्त तीन वजाबाक्या पाठवल्या. 1945 मधून गेली 1743 मध्ये. 1746 मधून परत आली 1948 मध्ये. 1968 मधून गेली 1766 मध्ये. करा वजाबाकी, तिन्ही वेळा 202. म्हणजे दोन्हीकडचा काळ बरोबरीने पुढे सरकतो, इकडे वीस वर्षं गेली की तिकडेही वीस जातातच, पाहिजे त्या तारखेला उतरायची सोय नाहीये. माझा अख्खा पॅरा बाद. आणि खरं तर त्यामुळेच ती गोष्ट जास्त लागते, कारण गेलेली वर्षं परत मिळत नाहीत, दोघंही म्हातारपणाकडे झुकलेत, तो तर चष्मा लावून छापखान्यात बसलाय.

दुसरा नियम, भूतकाळ बदलतो की नाही. आउटलँडरमध्ये कलोडनची लढाई, 16 एप्रिल 1746, खऱ्या इतिहासात एका तासाच्या आत आटोपलेली, ती थांबवायला दोघं जिवाचं रान करतात आणि ती होतेच. त्यामुळे "मग एवढ्या एपिसोडचा उपयोग काय झाला" असं लिहू नका, धडपड वाया जाते हीच तिथली गोष्ट आहे. लव्हली रनरमध्ये उलट, मागे काही हललं की आताचं बदलतं, तिथे "आता काय बदललं असेल" हाच प्रश्न प्रत्येक एपिसोडनंतर विचारायचा. एका नियमाची फूटपट्टी दुसरीला लावली की वाद नुसताच वाढतो. हां, पण सिरीजने स्वतःचाच नियम मोडला तर मात्र सोडू नका, पुराव्यासकट लिहा, कुठल्या एपिसोडमध्ये काय सांगितलं होतं आणि आता काय केलंय.

स्पॉयलरचं थोडक्यात. पहिल्या ओळीत सीझन आणि एपिसोडचा नंबर टाका, त्या एपिसोडच्या पुढचं काही लिहू नका. ज्यावरून सिरीज बनली ती कादंबरी वाचलेली मंडळी असतात (आउटलँडरचं पहिलं पुस्तक 1991 चं, सिरीज सुरू झाली 2014 मध्ये), त्यांना सगळं आधीच माहीत असतं आणि त्यांचं ते "बघा बघा, पुढे मजा आहे" सगळ्यात डेंजर. तोंडाने स्पॉयलर देत नाहीत पण स्माइलीने देतात. तसाच "पुढे" हा शब्द पण जपून वापरा, टाइम ट्रॅव्हलमध्ये पुढे म्हणजे पुढचं शतक की पुढचा एपिसोड, वाचणाऱ्याला कळत नाही. मी सरळ "1766 मध्ये" किंवा "सातव्या एपिसोडमध्ये" असंच लिहिते.

अ‍ॅक्टिंगवर लिहायचं असेल तर आवडलेला एक सीन आवाज बंद करून परत बघा. म्युझिक आपल्याला फार फसवतं, व्हायोलिन वाजलं की आपण रडतोच. आवाज नसताना पण गळा दाटला तर ते नटांचं काम. फ्रँक आणि ब्लॅक जॅक रँडल, क्लेअरचा विसाव्या शतकातला नवरा आणि अठराव्या शतकातला व्हिलन, दोघंही टोबियास मेंझीसच करतो, त्याचे सीन म्यूट करून बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल, नुसत्या मान वळवण्यावरून कोण आहे ते ओळखता येतं. आणि मग लिहिताना "केमिस्ट्री भारी" नको, हाताने काय केलं, कोण आधी मागे सरलं, डोळे कुठे गेले ते लिहा. सबटायटलवर बघत असाल तर डायलॉगचं कौतुक जरा बेताने, ते कौतुक कधीकधी भाषांतर करणाऱ्याचं असतं.

राहिला शेवटचा क्लिफहँगर. अंदाज जरूर लिहा, तारीख टाकून लिहा, आणि नंतर खोडू नका, चुकलेले अंदाज वाचायला तर जास्त मजा येते. आउटलँडरच्या फॅन्सनी दोन सीझनमधल्या कोरड्या काळाला ड्राउटलँडर असं नावच ठेवलंय, त्या काळात हेच तर वाचायचं असतं. जेमी पडला तो पाचवा एपिसोड लागला 8 ऑक्टोबर 2017 ला आणि सहावा थेट 22 ला, मधला आठवडा सुट्टी, म्हणजे तो माणूस दोन आठवडे जमिनीवरच. मी त्या पाचव्यानंतर अगदी ठासून लिहिलेलं अजून तसंच ठेवलंय: "पुढचा एपिसोड क्लेअर त्याच्या तोंडावर पाणी मारते तिथून सुरू होणार, पैज लावा."