हलक्या दोन-आसनी कूपेचे रोजच्या वापरासाठी परीक्षण कसे करावे

दोनच माणसांची, बुटकी आणि हलकी कूपे (दोन दारांची मोटार) परीक्षणासाठी हाती आली की ती थेट गोव्यातल्या अटल सेतूवर नेऊन पळवण्याचा मोह होतो, आणि तिथे ती आवडतेच. मात्र वाचकाला तीच गाडी म्हापशाहून पणजीला रोज कामावर न्यायची असेल, तर पुलावरच्या पाच किलोमीटरांतून त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून गाडी किमान आठवडाभर ठेवावी आणि आपली नेहमीची कामे तिच्यातूनच करावीत.

सुरुवात वजनापासून करावी. माहितीपत्रकात दिलेला आकडा कर्ब वजनाचा, म्हणजे इंधन-तेलासह रिकाम्या गाडीच्या वजनाचा आहे की इंधन-तेलावाचूनच्या कोरड्या वजनाचा, हे आधी पाहावे. अल्फा रोमिओ ४सीचे गाजलेले ८९५ किलो हे कोरडे वजन होते. अल्पाइन ए११० सारखी कूपे साधारण ११०० किलोंची असते. अशा गाडीत दोन माणसे आणि सामान मिळून १७० किलो चढले, तर एकूण वजन १५ टक्क्यांहून अधिक वाढते. त्यामुळे एकट्याने चालवून केलेले परीक्षण मला अर्धवट वाटते. त्याच रस्त्यावर एकदा एकट्याने आणि एकदा भरल्या गाडीने जावे, आणि ब्रेकचा अंदाज, मागच्या बाजूची बसण आणि रात्री हेडलाइटचा झोत किती वर उचलला जातो, यांची वेगवेगळी नोंद करावी.

ग्राउंड क्लिअरन्सचा छापील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. शिवाय गाडीच्या नाकाखालच्या ओठाची, म्हणजे पुढच्या बंपरच्या खालच्या कडेची उंची त्यातून कळत नाही. दोघांना आत बसवून ती उंची टेपने मोजावी आणि मग फेरीबोट गाठावी. दिवाडी बेटावर जाताना मी एका कूपेचे नाक प्रथमच धक्क्याच्या उतारावरून बोटीच्या फळीवर चढवले, तेव्हा ‘पात्रांव, सावकाश!’ ही खलाशाची हाक आणि खालून आलेला खरवडल्याचा आवाज एकाच वेळी कानावर पडले. उतार आणि फळी यांच्यातला कोन भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, म्हणून भरतीला सहज चढलेली गाडी ओहोटीलाही चढेल असे गृहीत धरू नये. दोन्ही वेळा जाऊन पाहावे. गावातल्या शाळेसमोरचे आणि चर्चसमोरचे गतिरोधकही असेच, दुसरा माणूस शेजारी बसलेला असताना ओलांडावेत.

पावसाळ्यातली चाचणी वगळून गोव्यात परीक्षण पुरे होत नाही. रुंद टायर आणि कमी वजन यांचा मेळ कोरड्या रस्त्यावर सुखाचा असला, तरी साचलेल्या पाण्यावर तो उलटतो, कारण चाकाखालचे पाणी बाजूला सारायला पुरेसा दाब मिळत नाही आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो. चोर्ला घाटात वेग बेताचा ठेवून, स्टिअरिंग अचानक हलके कुठे लागते, काच किती वेळात निवळते आणि मागून येणारा ट्रक आरशात दिसतो का, हे पाहावे. पणजीत उजव्या-डाव्या बाजूने घुसणारे मोटरसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाले) गाडीच्या छताच्या मागच्या जाड खांबाआड किती वेळ लपतात, याचीही खात्री करून घ्यावी.

कूपेचे दरवाजे लांब असतात. पणजीतल्या ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर दोन गाड्यांमध्ये ती उभी करून, दरवाजा अर्धाच उघडून, हातात भिजलेली छत्री घेऊन बाहेर पडून पाहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एकदा आत बसवावे. माझ्या आईने आत बसल्याबसल्याच ‘आता मला उठवायला कोण येणार?’ असे विचारले, आणि सीटच्या उंचीबद्दल मला वेगळे लिहावे लागले नाही.

सामानाच्या जागेचे लिटर सांगून थांबू नये. इंजिन मध्यभागी असले तर मागची डिकी तापते. बाजारातून आणलेले बांगडे तिथे ठेवून पाहिल्यास घरी पोचेपर्यंत निकाल लागतो. मासळी पुढच्याच डिकीत ठेवावी. ती सहसा उथळ असते, तेव्हा घरची पिशवी नेऊन ती बसते का, हे पाहावे.

इंधनाचा हिशोब पडद्यावरच्या आकड्यावर सोपवू नये. टाकी काठोकाठ भरून आठवडाभर चालवावे, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी आणि धावलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागावे. वजन वाचवण्यासाठी अशा अनेक गाड्यांत जादा चाक नसते, फक्त पंक्चरचे किट असते. ते निदान एकदा, घराच्या अंगणात, उजेडी उघडून वापरून पाहावे, आणि टायरची बाजूची भिंत फाटली तर किटचा काही उपयोग होत नाही, हे परीक्षणात स्पष्ट लिहावे.